वीतभर देव

घरात पूजेला ठेवायची मूर्ती केवढी असावी, याचं माप मत्स्यपुराणानं देऊन ठेवलं आहे. अंगठ्याच्या पेराएवढी असली तरी पुरे, मात्र वितीहून मोठी नको. त्यापेक्षा मोठा देव देवळात शोभतो. मराठी घरांमधले जुने देव पाहिले की हे माप लोकांनी किती मनावर घेतलं होतं ते कळतं. रांगता बाळकृष्ण मुठीत मावतो, अन्नपूर्णा त्याहून जराशी उंच, टाक तळहातावर तीन-चार सहज राहतील एवढे. घरातले सगळे देव एका ताम्हणात बसायचे आणि त्यांना बसावंच लागायचं, कारण रोज सकाळी त्यांची आंघोळ त्याच ताम्हणात व्हायची.

घरात देवघर कसं मांडावं, याविषयीचं हे पुस्तक आहे आणि त्यातलं मुख्य म्हणणं या मापातच आलेलं आहे. हातात घेऊन न्हाऊ घालता येईल, पुसता येईल, गंध लावून परत जागेवर ठेवता येईल, तेवढाच देव घरात आणावा. आज देवघर करायचं ठरलं की पहिली चौकशी होते ती जागा किती, दिशा कोणती, सागवान की संगमरवर, याची. माझ्या मते पहिला प्रश्न वेळेचा आहे. सकाळी तुमच्या हाताशी किती वेळ आहे? दहा मिनिटं असतील तर दहा मिनिटांचं देवघर करावं. देव्हाऱ्यातल्या प्रत्येक देवाला रोज कुणाचा तरी हात लागायला हवा. ज्याला लागत नाही त्याच्यावर धूळ साचते, आणि धुळीतल्या देवाकडे बघून मनाला टोचणी तेवढी लागते, उपासना घडत नाही.

एकनाथांच्या घरच्या पूजेची जी कथा महाराष्ट्रानं जिवापाड जपली, ती या दृष्टीनं फार बोलकी आहे. तीत देव श्रीखंड्या नावाचा गडी होऊन पैठणला येतो, बारा वर्षं गोदावरीचं पाणी वाहून रांजण भरतो आणि सहाणेवर चंदन उगाळतो. पूजेच्या तयारीतलं सगळ्यांत कष्टाचं काम देवानं स्वतःकडे घेतलं. नाथवाड्यातला तो रांजण नाथषष्ठीच्या दिवसांत भाविक आजही पाण्यानं भरतात. पाणी भरणं आणि गंध उगाळणं ही कामं एवढ्या मानाची ठरवणारी परंपरा आपल्याकडे असताना देवघराचा विचार फर्निचरपासून सुरू व्हावा, हे मला खटकतं.

वेगळी देवखोली ही गोष्ट सर्वांच्या वाट्याला कधीच आलेली नव्हती. कोकणातल्या चौसोपी घरात ती असे, पुण्या-वाईच्या वाड्यांत असे. देशावरच्या शेतकऱ्याच्या घरात देव भिंतीतल्या कोनाड्यात असत, धान्याच्या कणगीशेजारी, चुलीपासून चार हातांवर. मुंबईत १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोडला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची. त्यात सहा-आठ माणसं, चूल, पाणी, ट्रंका आणि गिरणीच्या पाळ्या. तरीही भिंतीवर एक फळी देवांची असायचीच. फळीवर गावाहून आणलेला खंडोबाचा टाक, पंढरीच्या वारीतून आलेली विठ्ठल-रखुमाईची तसबीर, कॅलेंडरमधून कापून चौकटीत बसवलेली देवी. रात्रपाळीहून आलेला माणूस त्या फळीपुढे हात जोडून मग पाठ टेकायचा. घर लहान आहे म्हणून देवघर होत नाही, असं कुणी म्हणालं की मला त्या फळ्यांची आठवण करून द्यावीशी वाटते.

आता देवांकडे येऊ, कारण देव्हाऱ्यात काय ठेवायचं हे ठरवताना लोक सर्वांत जास्त गोंधळतात.

आपल्याकडे दोन मोठ्या परंपरा एकाच ताम्हणात नांदत आल्या. एक पंचायतनाची. विष्णू, शिव, गणपती, देवी आणि सूर्य हे पाच देव. त्यांतला जो आपला इष्ट तो मधे, बाकीचे चार कोपऱ्यांत. ही मांडणी आद्य शंकराचार्यांनी घालून दिली असं परंपरा मानते. मला तिच्यातलं मोठेपण असं दिसतं की वैष्णव आणि शैव घरांत देव तेच राहिले, फक्त मधली जागा बदलली. हे पाचही देव मुळात दगडांच्या रूपात पुजतात. विष्णूचा शाळिग्राम नेपाळातल्या गंडकी नदीतला, शिवाचा बाण नर्मदेच्या पात्रातला, गणपतीचा तांबडा दगड शोण नदीतला, देवीचा धातूची झाक असलेला दगड आंध्रातल्या सुवर्णमुखीतला, आणि सूर्याचा स्फटिक दक्षिणेत तंजावरजवळच्या वल्लमचा. हिमालयापासून कावेरीच्या खोऱ्यापर्यंतचा प्रदेश एका ताटलीत येतो. त्यातल्या शाळिग्रामाच्या पोटात जे चक्र दिसतं तो अमोनाइट नावाच्या समुद्रजीवाचा जीवाश्म असतो, दहा कोटी वर्षांहून जुना. हिमालय उभा राहण्याआधी तिथं समुद्र होता, त्याची ती खूण. मला हे कळलं तेव्हा शाळिग्रामाविषयीचा आदर वाढला. शाळिग्रामाला आणि बाणाला रोजचं आवाहन-विसर्जन लागत नाही, ते स्वयंभू मानले जातात. ही जुनी समजूत त्यांच्या वयाला साजेशीच आहे.

दुसरी परंपरा टाकांची, आणि ती जास्त आपली आहे, या मातीतली आहे. चांदीच्या किंवा पितळेच्या पातळ पत्र्यावर ठशानं उठवलेली आकृती म्हणजे टाक. घोड्यावरचा खंडोबा, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रा, तुळजापूरची भवानी, भैरोबा, आणि वीर, म्हणजे घराण्यातला कुणी लढाईत किंवा अकाली गेलेला पूर्वज. देव आणि पितर एकाच ताम्हणात, एकाच पाण्यानं न्हातात. नाशिकला धुळवडीच्या दिवशी घरोघरचे वीर वाजतगाजत गोदावरीवर आंघोळीला नेतात. ज्याच्या नावाचा कागद कुठल्याही कचेरीत उरलेला नाही, अशा माणसाला त्याचे वंशज आठवणीत ठेवतात ते असे. टाक वर्षानुवर्षं घासून झिजतात, नाक-डोळे पुसट होतात, मग नवे घडवून घेतात आणि जेजुरीला नेऊन देवाला भेटवून आणतात. मगच ते देव्हाऱ्यात येतात. चंपाषष्ठीला तळी भरतात तेव्हा खोबरं, भंडारा, विड्याची पानं ठेवलेलं ताम्हण पाच जण मिळून उचलतात. एकट्याला ते उचलताच येत नाही, कारण रीतच पाचांची आहे. कुळाचार घरातल्या माणसांना एकत्र आणायचा, त्याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

या दोन्हींच्या जोडीला एक तिसरी वाट आहे, तिची नोंद पोथ्यांमध्ये कमी सापडते. ती लेकीसुनांची. लग्नात मुलगी गौरीहर पुजते आणि माहेरची अन्नपूर्णा व बाळकृष्ण घेऊन सासरी येते. म्हणजे मराठी देव्हाऱ्यात दर पिढीला एका वेगळ्या घरातून देव आलेले असतात. आजीची अन्नपूर्णा विदर्भातली, आईची कोल्हापूरकडची, सुनेची आणखी कुठली. कुलदैवत पुरुषांच्या वंशाबरोबर उतरलं, पण देव्हाऱ्यातली दाटी वाढवली बायकांनी. आणि पूजेला पाटावर पुरुष बसला तरी फुलं वेचणं, वाती वळणं, देव उजळणं, नैवेद्य रांधणं हे त्यांच्याच हातून झालं. दुपारच्या वेळी कापूस पिंजून फुलवाती करत बसलेल्या, लक्षवातींचा नेम धरलेल्या कितीतरी म्हाताऱ्या प्रत्येक आळीत होत्या. त्यांची ती बैठक ही उपासनाच होती असं मी मानते. म्हणून या पुस्तकात पूजा कुणी करावी या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत दिलं आहे: घरातल्या ज्याला करावीशी वाटते त्यानं किंवा तिनं, महिन्याच्या कुठल्याही दिवशी.

उपचारांविषयी थोडं. षोडशोपचार पूजेत सोळा उपचार आहेत आणि ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचांपैकी एकेक ऋचा एकेका उपचाराला म्हणतात. आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, जानवं, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. आलेल्या पाहुण्याचं जसं करावं तसाच हा क्रम आहे, आणि एकदा हे लक्षात आलं की पाठांतराची भीती जाते. ज्यांना एवढं जमत नाही त्यांच्यासाठी शास्त्रानंच पंचोपचार सांगितले: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. तेही शक्य नसेल, प्रवासात किंवा आजारपणात, तर मानसपूजा आहे. शिवाची मानसपूजा सांगणारं स्तोत्र तर शंकराचार्यांच्या नावावरच आहे. मूर्ती नसली तर सुपारीवर गणपतीचं आवाहन होतं, कलशात वरुणाचं होतं. मांडलेली प्रत्येक पूजा कायमची असावी असंही नाही. हरतालिकेला वाळूची पिंड करतात, श्रावणात मंगळागौर मांडतात, चैत्रात गौर झोपाळ्यावर बसते, नवरात्रात मातीत धान्य पेरून घट बसतो. नवरात्रात घटाजवळ बसलेले देव नऊ दिवस जागचे हलवत नाहीत; आणि दसरा झाला की सगळं उचललं जातं.

इतकी मोकळीक असताना आज लोकांच्या मनात देवघराविषयी भीती का आहे? मला तिचं कारण उघड दिसतं. ती भीती विकली जाते. देवघर ईशान्येलाच हवं, नाहीतर घरातल्या कर्त्याला त्रास; पलीकडच्या भिंतीला न्हाणीघर असेल तर पैसा टिकत नाही; असं सांगणारे आणि त्यावर तोडगा विकणारे आता प्रत्येक शहरात आहेत. बिल्डरनं ईशान्येला शौचालय काढलेल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये माणसानं काय करायचं? पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून पूजेला बसावं हा संकेत जुना आहे, आणि उगवतीकडे तोंड करून बसण्याचं सुख खरं आहे. जमलं तर तसं करावं. जमलं नाही तर पुरेशा उजेडाची, स्वच्छ, येण्याजाण्याच्या वाटेत न येणारी जागा धरावी आणि निर्धास्त असावं. दोन शिवलिंगं, तीन गणपती, दोन शंख घरात पुजू नयेत हा नियमही ग्रंथांत आहे. मला तो पटतो, कारण तो साठवणुकीला आळा घालतो. भेट म्हणून आलेला प्रत्येक गणपती देव्हाऱ्यात बसवला तर पूजेऐवजी प्रदर्शन होतं. त्यातले बाकीचे बाहेरच्या कपाटात शोभेला राहू द्यावेत.

काही गोष्टी मात्र मी आग्रहानं सांगते. निरांजनाच्या वर हातभर मोकळी जागा असावी. बंद प्लायवूडच्या देव्हाऱ्यात, पडद्याजवळ, तेलाच्या डागांवर दिवा लावू नये. दिव्याखाली धातूची ताटली असावी. बसल्यावर देव डोळ्यांच्या खाली, छातीच्या उंचीला यावेत, म्हणजे हात अवघडत नाही. सहाण आणि चंदनाचं खोड असेल तर वापरावं, डबीतल्या तयार गंधानं काम होतं पण ते दोन मिनिटांचं उगाळणं मनाला बसवतं. गणपतीला तुळस वाहत नाहीत, भाद्रपदातली चतुर्थी सोडून. शाळिग्रामावर अक्षता वाहत नाहीत. शंकराला बेल, गणपतीला दूर्वा. हे लहान मुलं आवडीनं लक्षात ठेवतात, त्यांना ते काम द्यावं. तांब्या-पितळेची उपकरणं चिंचेनं किंवा पितांबरीनं आठवड्याला उजळावीत. घ्यायचीच असतील तर नाशिकच्या भांडीबाजारात किंवा पुण्याच्या तांबट आळीत जाऊन हातात घेऊन, वजन बघून घ्यावीत. आणि पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा नीट बघावं. तिथले दिवे आणि पूजेची उपकरणं पाहिली की साध्या घरांतल्या रोजच्या वस्तूंवरही कारागिरानं केवढी बुद्धी खर्च केली होती ते दिसतं.

हे पुस्तक मुख्यतः हिंदू देव्हाऱ्याविषयी आहे, तरी मराठी मुलखात घरातली पवित्र जागा एकाच धर्माची नाही, हे विसरून लिहिणं मला योग्य वाटलं नाही. गोव्याच्या कॅथलिक घरात भिंतीशी लाकडी कोरीव वेदी असते, तिच्यावर क्रूस, मारियामाता, संत. संध्याकाळी सगळं घर तिच्यापुढे गुडघे टेकून तेर्स म्हणतं. वसईतही घरोघर अशी वेदी दिसते. अलिबाग-पेणकडच्या बेने इस्राएली घरांत एलियाहू नबीची तसबीर असते आणि त्याच्या नावानं पोहे, नारळ, फळांचा मलिदा होतो. आणि बौद्ध घरांविषयी तर थोडं थांबूनच लिहायला हवं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. बावीस प्रतिज्ञांमध्ये जुन्या देवांची उपासना सोडण्याची प्रतिज्ञा होती. अनेक घरांतून त्यानंतर देव उचलले गेले, नदीत सोडले गेले. ज्या देवांच्या देवळात पाऊल टाकू दिलं नव्हतं त्यांना घरात जागा का द्यावी, हा प्रश्न त्यामागे होता आणि त्याला आपल्याकडे उत्तर नव्हतं. त्या रिकाम्या झालेल्या जागी बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आली, पांढरं वस्त्र आलं, मेणबत्ती आली. त्यांच्यापुढे त्रिशरण-पंचशील म्हटलं जाऊ लागलं. महाराष्ट्रात गेल्या शतकात घरातल्या पवित्र जागेला मिळालेलं हे सर्वांत मोठं वळण आहे. देवघर करणं ही जशी विचारपूर्वक केलेली कृती असते, तसं ते मोडून नवं मांडणंही.

परदेशातल्या वाचकांच्या अडचणी वेगळ्या आहेत. भाड्याच्या घरात कापूर पेटवला की धुराचा अलार्म ओरडतो. कुणी कपड्यांच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून देव मांडतात, पूजा झाली की दार लावून घेतात. यात कमीपणा काहीच नाही. घरातल्या मूर्ती चल असतात, त्यांची देवळासारखी अचल प्रतिष्ठा केलेली नसते. त्या उचलून न्यायच्याच असतात. बैलगाडीतून, बोटीतून, आता विमानातल्या हातबॅगेतून, पण त्या नेहमीच माणसांबरोबर फिरल्या. कापराऐवजी तुपाचं लहान निरांजन लावावं, अलार्म असेल तिथं उदबत्ती खिडकीशी लावावी, आणि घरमालकाची मनाई असेल तर विजेचा दिवाही चालेल.

सगळ्यांत अवघड प्रश्न शेवटच्या प्रकरणात आहे, आणि तो मला गेली काही वर्षं वारंवार विचारला जातो. आईवडील गेले, घर विकायचं आहे, मुलांपैकी कुणी रोजची पूजा करणार नाही. देवांचं काय करायचं? शहरांतल्या पिंपळाखाली टेकवून ठेवलेल्या तसबिरी, काच फुटलेल्या चौकटी, रंग उडालेल्या मूर्ती हे या प्रश्नाचं आज दिलं जाणारं उत्तर आहे, आणि ते बघवत नाही. धातूचे देव नदीत टाकू नयेत. भंगलेले असतील तर उत्तरपूजा करून आटवून नवे करता येतात. शाळिग्राम आणि बाण पूजा चालू असलेल्या नातलगाकडे किंवा देवळात विचारून द्यावेत. तसबिरींची काच आणि लाकूड वेगळं करून कागद बागेच्या मातीत मिसळावा. सगळे देव एकाच घरी राहायला हवेत असं नाही. भाऊ वेगळे होताना टाक वाटले जायचे किंवा दुसऱ्या घरासाठी नवे घडवले जायचे. आता त्या वाटणीत लेकींनाही धरावं. ज्याला एकच देव रोज न्हाऊ घालणं जमेल, त्यानं एकच न्यावा.

वाचण्याच्या क्रमाविषयी एवढंच. ज्यांच्याकडे पिढीजात देव आलेले आहेत त्यांनी शेवटचं प्रकरण आधी वाचावं. ज्यांच्या घरी आज काहीच नाही त्यांनी पंचायतन आणि टाकांची प्रकरणं बाजूला ठेवून सरळ जागा, दिवा आणि उपकरणं यांपासून सुरुवात करावी. देव कोणता हे पुढं आपोआप ठरतं. पूजा येत नाही म्हणून जे संकोचतात, त्यांच्यासाठी पंचोपचारांचा विधी साध्या मराठीत, मंत्रांशिवाय दिला आहे. तो दहा मिनिटांत होतो, गंध उगाळण्यासकट.